समुद्राची वाट आपल्या दारातून

पुण्यातील हाजिक काझी या १२ वर्षांच्या विद्यार्थ्याची ‘एर्व्हिस’ जहाजाची संकल्पना २०१९ साली देशभर गाजली. समुद्रावर तरंगणारा कचरा बशीच्या आकाराच्या यंत्रांनी ओढून घ्यावा, पाणी व जलचर सुखरूप परत सोडावेत आणि कचरा वेगळा करून साठवावा, अशी ती योजना. कोवळ्या वयातील ही झेप निःसंशय कौतुकास्पद आहे. परंतु जहाजाचे काम समुद्रात सुरू होते. कचऱ्याचा प्रवास मात्र आपल्या दारातून.

अरबी समुद्र पुण्याला जवळचा असला, तरी आपले पाणी पूर्वेकडे वाहते. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वाटेत भीमेवर उजनी धरण आहे. त्याचे पाणी सोलापूरकर पितात. म्हणजे आपल्या घाणीची झळ समुद्रातील कासवाआधी माणसालाच लागते.

मुलांना अशी जहाजे जरूर सुचावीत. माजी विद्यार्थी व पालक यांनी मात्र आपापल्या वस्तीतील नाल्यावर लक्ष ठेवावे आणि सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, असा आग्रह महापालिकेकडे धरावा. नाल्यातच अडवलेल्या कचऱ्यामागे समुद्रात जहाज धाडावे लागत नाही.