स्पेक्ट्रोग्राम की नुसतं रंगीत चित्र?

बी.ई. प्रोजेक्टचे रिपोर्ट चाळले की एक चित्र हमखास सापडतं. मॅटलॅबमध्ये एक ओळ टाइप केली की निळा-पिवळा गालिचा स्क्रीनवर उमटतो. लगेच कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग आणि खाली कॅप्शन: 'सिग्नलचा स्पेक्ट्रम'. माझं भांडण या कॅप्शनशी आहे.

मित्रांनो, ते स्पेक्ट्रम नव्हे, स्पेक्ट्रोग्राम. ग्राफ म्हणजे नोंद करणारं यंत्र, ग्राम म्हणजे झालेली नोंद. ईसीजीतला 'जी' हाच. पूर्वी दारात यायची तीही टेलिग्रामच, टेलिग्राफ नव्हे!

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'सा रे ग म प' रेकॉर्ड करा आणि तीच फाइल उलटी वाजवा. एफएफटीचा मॅग्निट्यूड प्लॉट दोन्ही वेळा तंतोतंत एकच येईल. आरोह की अवरोह, ते त्याला कळतच नाही. (माहिती फेजमध्ये दडलेली असते, पण फेज बघतो कोण?) स्पेक्ट्रोग्राममध्ये सिग्नलचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचा स्पेक्ट्रम शेजारीशेजारी मांडतात. आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजे ऊर्जा.

आता तुकडा केवढा घ्यायचा? सेकंदाला ८००० सॅम्पल असताना २५६ ची विंडो म्हणजे ३२ मिलिसेकंद, आणि फ्रिक्वेन्सीची पायरी ३१.२५ हर्ट्झ. विंडो वाढवली तर फ्रिक्वेन्सी बारीक दिसते, पण वेळ धूसर होते. कमी केली तर उलटं. म्हणजे आवाज तोच, चित्रं दोन! विंडो, ओव्हरलॅप, सॅम्पलिंग न लिहिलेला स्पेक्ट्रोग्राम हा स्केल नसलेला नकाशा झाला. सरांनाही विनंती, व्हायवात 'कोड कुठून आणला' यापेक्षा 'हीच विंडो का' हे विचारा. निम्मी बॅच गार पडेल.

मराठीत स्पेक्ट्रमला वर्णपट म्हणतात. त्यावर मेसमध्ये एकाने शंका काढली, आवाजाला कसला आलाय रंग? अरे, पण व्याकरणात वर्ण म्हणजे ध्वनीच की! वर्णमाला काय रंगांची असते? मला तर हा शब्द प्रकाशापेक्षा आवाजालाच जास्त शोभतो असं वाटतं, आणि त्याच्या चित्राला मी 'वर्णपटलेख' म्हणतो. खात्री करायची तर माइकसमोर 'सकाळ' म्हणून बघा. 'स'चा धुरकट पसारा वर, 'क'च्या आधी क्षणभर रिकामी जागा, मग 'आ'चे ठळक आडवे पट्टे. फक्त सॅम्पलिंग १६००० ठेवा, ८००० ला 'स'चा बराचसा भाग वरून कापला जातो.