हातोडा पडला म्हणजे मालकी सिद्ध होत नाही

लिलावाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला चोख वाटतं. वस्तू उघड्यावर मांडली, कॅटलॉग आधी छापला, बोली चारचौघांत झाली, एक वार, दोन वार, तीन वार करून हातोडा पडला आणि ज्याने सर्वांत जास्त पैसे मोजले त्याला माल मिळाला. यात लपवाछपवी कुठे आली? ज्याला आपल्या वारशाचा एवढा कळवळा आहे त्याने खिशात हात घालावा. या सगळ्या म्हणण्यात विकणाऱ्याला ती वस्तू विकण्याचा अधिकार होता हे धरून चाललेलं असतं, आणि नेमकी तीच गोष्ट हातोडा तपासत नाही.

उदाहरण म्हणून पॅरिसचा लिलाव घेऊ, कारण लिलाववाल्यांना अभिमान वाटावा असाच तो होता. फॅशनच्या दुनियेतला बादशहा ईव्ह सां लोराँ 2008 साली वारला. त्याचा जोडीदार पिएर बेर्जे याने दोघांनी मिळून जमवलेला संग्रह क्रिस्टीजमार्फत विकायला काढला. ग्राँ पालेच्या काचेच्या छताखाली 23 ते 25 फेब्रुवारी 2009 असे तीन दिवस बोली चालली. मातिसचं 1911 सालचं चित्र 3 कोटी 59 लाख युरोंना गेलं. जगभर मंदी असताना एकूण विक्री 37 कोटी युरोंच्या वर पोचली. शेवटच्या संध्याकाळी ब्राँझची दोन मुंडकी पुकारली गेली, एक उंदराचं आणि एक सशाचं. प्रत्येकावर 1 कोटी 40 लाखांची बोली लागली. कमिशन धरून 1 कोटी 57 लाख.

ही मुंडकी मुळात शोभेची नव्हतीच. बीजिंगजवळच्या युआनमिंगयुआन या बादशाही उद्यानात चिएनलुंग बादशहाने युरोपीय धाटणीचे महाल बांधवले होते. त्यांतल्या एकासमोर पाण्याचं घड्याळ होतं. बारा राशींचे बारा प्राणी, धड माणसाचं, मुंडकं प्राण्याचं. दर दोन तासांनी पाळी बदलायची आणि ज्याची पाळी त्याच्या तोंडातून पाणी उडायचं. भरदुपारी बाराही तोंडांतून एकदम. आराखडा कास्तिल्योने या इटालियन जेझुइटाचा, पाण्याची यंत्रणा ब्नुआ या फ्रेंच जेझुइटाची, धातूकाम चिनी कारागिरांचं. सशाचे कान मागे पडलेले आहेत आणि अंगावरची लव बारीक रेघांनी कोरलेली आहे. ओतकाम झाल्यावर कोणीतरी पुष्कळ दिवस छिन्नी घेऊन बसलेला असणार.

आराखडा युरोपीय माणसाचा, मग चीनचा हक्क कसला, असं म्हणणारेही तेव्हा निघाले. व्हिक्टोरिया टर्मिनसचा आराखडा स्टीव्हन्सने काढला म्हणून आपल्या बोरीबंदरावर इंग्रजांचा हक्क पोचतो का? कास्तिल्योने बादशहाच्या पदरी होता आणि काम बादशहाच्या खर्चाने झालं होतं. हा मुद्दा इथेच सोडतो, त्याची योग्यता तेवढीच आहे.

ऑक्टोबर 1860मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा त्या उद्यानात शिरल्या आणि लूट झाली. इंग्रज सेनापती होप ग्रँट याला आपल्या फौजेत वाटणीवरून भांडणं नको होती. त्याने लुटीचा माल गोळा करायला लावला, तिथेच बीजिंगबाहेर लिलाव पुकारला आणि आलेला पैसा हुद्द्याप्रमाणे वाटला. साध्या सोल्जराच्या वाट्याला सुमारे 4 पौंड आले. म्हणजे लिलाव हे त्या लुटीचं शेवटचं प्रकरण होतं. आदल्या दिवशी जे लुटलेलं होतं ते दुसऱ्या दिवशी विकत घेतलेलं झालं, पावतीसकट. ही रीत आपल्याला नवी नाही. 1817-18च्या युद्धात पेशवाईचा जो पैसा-अडका कंपनीच्या हाती लागला त्याच्या वाटणीचा तंटा ‘डेक्कन प्राइझ’ या नावाने लंडनमध्ये वर्षानुवर्षं चालला. वाद कोणाला किती याचा होता. घ्यावं की नाही, असा प्रश्न वाटणीला बसलेल्यांपैकी कोणालाच पडला नव्हता.

तेव्हा लिलाव लुटीपासून अलिप्त असतो, हे म्हणणं खोटं आहे. लुटीला मालमत्तेचं रूप देण्याचं काम लिलावानेच केलेलं आहे.

मुंडकी परत मागणाऱ्यांना बेर्जेने दिलेलं उत्तर मात्र हुशारीचं होतं. चीनने मानवी हक्क मान्य करावेत, तिबेटला स्वातंत्र्य द्यावं, मुंडकी मी देऊन टाकतो, असं तो म्हणाला. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. तिबेटवर अन्याय झाला आहे हे मला मान्य आहे. पण ज्याची वस्तू गेली तो माणूस वाईट आहे, एवढ्याने ती ज्याच्या हाती आहे तो मालक ठरत नाही. शिवाय बोली लावणाऱ्यांकडून बेर्जेने मानवी हक्कांचं प्रमाणपत्र मागितल्याचं कोणी ऐकलेलं नाही. पैसे देणारा कोणीही चालणार होता. जाता जाता एक गोष्ट सांगतो. युआनमिंगयुआन जाळण्याचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि 1863 साली धरमशाळेत वारला. त्याची कबर मॅक्लिऑडगंजजवळच्या चर्चच्या आवारात आहे. दलाई लामांचं वास्तव्य त्याच मॅक्लिऑडगंजात आहे.

आम्ही नेलं नसतं तर सांस्कृतिक क्रांतीत या वस्तू फुटल्याच असत्या, हा आणखी एक नेहमीचा बचाव. लाल रक्षक रस्त्यावर आले 1966 साली. एल्गिनच्या माणसांनी त्याआधी 106 वर्षं त्या महालांना आग लावली होती. वाटाघाटीला गेलेल्यांपैकी काही जण, त्यांत ‘टाइम्स’चा वार्ताहर आणि शीख स्वारही होते, चिनी कैदेत हालहाल होऊन मेले, त्याचा तो सूड होता. सुडाचं कारण समजू शकतं. पण ज्याने घर पेटवलं त्याने हातातली भांडी दाखवून रक्षणकर्ता म्हणवून घेऊ नये.

माझा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे. त्याच लिलावात, त्याच छताखाली, युरोपच्या वस्तूंना एक न्याय होता आणि आशियाच्या वस्तूंना दुसरा. बेर्जेजवळ गोयाने काढलेलं एका लहान मुलाचं चित्र होतं. ते त्याने हातोड्याखाली जाऊच दिलं नाही, लूव्रला भेट दिलं. दे किरिकोच्या एका चित्रावर बोली लागली, हातोडा पडला आणि लगेच फ्रेंच सरकारने आपला अग्रहक्क बजावला. फ्रान्सच्या कायद्याने सरकारला हे करता येतं. शेवटची बोली लागली की सरकारचा माणूस उठून घोषणा करतो, जिंकलेला गिऱ्हाईक बाजूला होतो आणि तेवढ्याच किमतीत वस्तू सरकारजमा होते. पक्कं करायला सरकारला पंधरा दिवस मिळतात. ते चित्र सुमारे 1 कोटी 10 लाख युरोंना पाँपिदू केंद्रात गेलं. जास्त बोली त्याचा माल हा नियम असा पवित्र आणि अढळ असता तर फ्रान्सने स्वतःसाठी त्याला ही खिडकी पाडली नसती.

युरोपीय चित्र विक्रीला आलं की 1933 ते 1945 या वर्षांत ते कोणाच्या भिंतीवर होतं, याची चौकशी क्रिस्टीज आणि सदबीज दोघेही करतात. नाझींनी ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रं ओळखण्यासाठी दोघांकडे वेगळा विभाग आहे. हे अगदी योग्य आहे. मग 1860चं बीजिंग, 1897चं बेनिन किंवा 1799चं श्रीरंगपट्टण असा शेरा दिसला की तीच चौकशी का होत नाही? उलट कॅटलॉगमध्ये असा शेरा असला की किंमत चढते. युरोपात लूट हा कलंक आणि आशिया-आफ्रिकेत तीच वस्तूची कुळकथा, हा भेद कोणत्या तत्त्वाने करायचा?

कायदा काय म्हणतो, असं कोणी विचारील. 1970चा युनेस्कोचा करार मागच्या काळाला लागू होत नाही, आणि लिलाव रोखण्यासाठी पॅरिसच्या न्यायालयात गेलेली चिनी वारशासाठी झटणारी संस्था हरली. न्यायालय चुकलं असं मी म्हणत नाही. पण वॉशिंग्टनमध्ये 1998 साली नाझी लुटीबद्दल जी तत्त्वं ठरली तीही कायदा नव्हती. सहमती होती, आणि तेवढ्या बळावर लिलावघरं सुधारली.

आता आपल्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण खोटी नाणी तिथेही आहेत. ती मुंडकी फोनवरून जिंकणारा त्साय मिंगचाओ हा स्वतः लिलावाच्या धंद्यातला माणूस होता. पैसे देणार नाही, असं त्याने बीजिंगमध्ये जाहीर केलं आणि तो देशभक्त ठरला. हाती काय लागलं? मुंडकी बेर्जेकडेच राहिली. शेवटी क्रिस्टीजचे मालक पिनो यांनी ती घेतली आणि 2013 साली चीनला परत दिली. परतीची घोषणा झाली त्याच एप्रिलमध्ये क्रिस्टीजला चीनमध्ये स्वतंत्रपणे धंदा करण्याचा परवाना मिळाला होता. न्यायाचा विजय म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

दुसरा मार्ग पैसे देऊन सोडवून आणण्याचा. त्याचा हिशेब त्याच बारा मुंडक्यांत मांडलेला आहे. 2000 साली एका चिनी सरकारी कंपनीने हाँगकाँगच्या लिलावांत बैल, माकड आणि वाघ अशी तीन मुंडकी घेतली, तिन्ही मिळून 3 कोटी हाँगकाँग डॉलरांच्या थोड्या वर. 2007 साली घोड्याचं एकच मुंडकं एका उद्योगपतीने 6 कोटी 91 लाखांना घेतलं. 2009 साली उंदीर आणि ससा, प्रत्येकी त्याच्या दुपटीहून जास्त. देशप्रेम जितकं उघड, तितकी पुढची बोली चढी. लुटीच्या मालाला हक्काचं गिऱ्हाईक मिळवून देण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

आशियाची प्रत्येक जुनी वस्तू परत आली पाहिजे, असंही मी म्हणत नाही. कँटनहून विकायलाच म्हणून निघालेली चिनीमातीची भांडी जहाजं भरभरून युरोपात गेली, मुंबईतही आली. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतली चिनी-जपानी भांडी आणि युरोपीय तैलचित्रं आहेत. विकत घेतलेलं विकत घेतलेलंच. मात्र कोठून, कोणाकडून, हे विचारण्याचा नियम लंडन-पॅरिसला लावायचा तर तो आपल्याही काचपेट्यांना लागू आहे.

पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल 2025मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. पातं युरोपात घडलेलं, त्यावर देवनागरी लेख. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत 47 लाख 15 हजार रुपयांना ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत मिरवत आली. सीताबर्डीच्या 1817च्या लढाईनंतर ती गेली असावी, हा अंदाज आहे. पक्का पुरावा हाती नसताना विकत घेणं व्यवहाराचं होतं, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘परत मिळवली’ म्हणून ढोल वाजवायला. आपण ती विकत घेतली.

त्याच वर्षी पिपरहवाच्या बुद्ध अवशेषांसोबतची रत्नं हाँगकाँगच्या लिलावात निघाली, तेव्हा केंद्र सरकारने आधी कायदेशीर नोटीस पाठवली. लिलाव थांबला. जुलैअखेर ती रत्नं भारतात आली, पण गोदरेज समूहाने पैसे मोजल्यावर. नोटीस दिली तर हातोडा थांबतो एवढं यातून सिद्ध झालं. फुकट परत मिळतं हे अजून व्हायचं आहे.

म्हणून आपल्या सांस्कृतिक खात्याला विनंती. पुढच्या वेळी लंडनच्या कॅटलॉगमध्ये मराठी नाव दिसलं की मध्यस्थ शोधण्याआधी पत्र लिहा. ही वस्तू नागपूर, सातारा किंवा पुण्यातून कोणत्या साली, कोणाच्या हातून निघाली, ते विचारा. उत्तर येईपर्यंत बोली थांबवा, अशी नोटीस द्या, आणि आलेलं उत्तर, नसलेल्या उत्तरासकट, मराठीत छापा. आणि रघुजींच्या तलवारीखालच्या पाटीवर 47 लाख 15 हजारांचा आकडाही लिहा.