न धुवायचा डाग

मैत्रिणींनो, हळदीचा डाग उन्हात उडतो, रक्ताचा थंड पाण्यात निघतो. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून तो पक्का बसतो. हे आपल्याला आईने शिकवले. पण एक डाग धुवायचा नसतो, हे कुणी सांगितले नाही. अत्याचारानंतर बाई आधी कपडे धुते. डाग आपल्याच अब्रूला लागला, असे तिच्या मनावर बिंबवलेले असते. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींचा पुरावा असा मोरीतून वाहून गेला. ते कपडे सावलीत वाळवा, वेगवेगळ्या कागदांत गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणाने पुरावा खराब होतो. पोलिसांना देताना पंचनाम्यात नोंद करून घ्या. धुतले असले तरी जपून ठेवा, आणि तक्रार कराच. वस्तीतल्या पुढच्या बैठकीत हे बोलूया.