डॉक्टरांचा सल्ला मोबाईलवर वाजलाच नाही, तर?

मधुमेहाच्या रुग्णांना मी इन्सुलिनची माहितीपत्रके देत आलो आहे. पण वडनेर आणि आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या अनेक ज्येष्ठ रुग्णांना ती वाचता येत नाहीत. कुणाला मोतीबिंदू आहे, कुणाची शाळा दुसरीतच सुटली. कागद घरी जातो आणि देवघरातल्या फळीवर पडून राहतो. म्हणून मी ठरवले, हीच माहिती आपल्या आवाजात बोलून संकेतस्थळावर ठेवायची. ज्यांना वाचता येत नाही, ते ऐकतील.

कल्पना चांगली होती. चूक पुढे झाली, आणि ती माझी होती.

आषाढी एकादशीच्या दिवशी दुपारी एका मावशींना घरच्यांनी दवाखान्यात आणले. घामाने डबडबलेल्या, हातपाय थरथरत होते, बोलणे असंबद्ध होते. साखर तपासली तर ४८. सकाळी इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतले होते आणि उपवास असल्याने पोटात फक्त चहा होता. ग्लुकोज दिल्यावर अर्ध्या तासात त्या नीट बोलू लागल्या. मी जरा रागानेच विचारले, "मावशी, उपवासाच्या आधी मला विचारायचं, हे ऑडिओत सांगितलं होतं ना?"

त्या म्हणाल्या, "मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत रायलं जी. तुमचा आवाज काई निंगाला नाई. मले वाटलं, माहाच मोबाईल खराब हाये."

त्या दिवशी मी त्यांच्याच मोबाईलवर ते पान उघडून पाहिले. खरोखरच काही वाजले नाही.

ऑडिओ का वाजला नाही?

जाणकार मुलाला दाखवले. त्याने सांगितलेली कारणे सोप्या भाषेत देतो.

पहिले कारण : पान उघडताच आवाज आपोआप सुरू होईल, अशी मी मांडणी करून घेतली होती. पण जाहिराती अचानक ओरडू नयेत म्हणून क्रोमसारखे ब्राउझर २०१८ पासून साधारणपणे असा आपोआप आवाज अडवतात. आधी वापरणाऱ्याने पानावर बोट लावावे लागते. माझ्या पानावर बोट लावायला ठळक बटणच नव्हते!

दुसरे कारण : मी संगणकावर केलेले सहा मिनिटांचे रेकॉर्डिंग 'वेव्ह' प्रकारात, आहे तसेच चढवले होते. या प्रकारात एका मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. म्हणजे फाईल झाली ६० एमबीची. दवाखान्याच्या वायफायवर ती धावली. शेतातल्या घरात, नेटवर्कची एक काडी असताना कशी धावणार? तेच बोलणे साध्या 'एमपीथ्री' प्रकारात मिनिटाला अर्ध्या एमबीत बसते.

तिसरी अडचण नंतर कळली. घाईने मी व्हॉट्सॲपवर बोललेला संदेशच पानावर टाकला. माझ्या मोबाईलवर वाजला, पण एका रुग्णाच्या मुलाच्या आयफोनवर नाही. तो आवाज 'ओपस' नावाच्या प्रकारात साठवलेला असतो आणि जुने सॉफ्टवेअर असलेल्या अनेक आयफोनच्या ब्राउझरला त्याची फाईल उघडता येत नाही. एमपीथ्री मात्र जवळजवळ सगळीकडे चालते.

मला काय वाटते?

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात व्हिडिओ आणि लेखी संदेशाबरोबर आवाजावरून सल्ला देण्यालाही मान्यता मिळाली. आवाज हे आता उपचाराचे साधन आहे. मग त्याला औषधाचाच नियम लावायला हवा. गोळी लिहून दिली म्हणजे ती पोटात गेली असे आपण धरत नाही. तसेच ऑडिओ चढवला म्हणजे तो ऐकला गेला, असे धरता येणार नाही.

"खेड्यातल्या लोकांना मोबाईल वापरता येत नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. मावशींनी सगळे बरोबर केले होते. चुकले होते ते पान. आरोग्याचे ॲप आणि पाने बनवणाऱ्यांनी आपले काम गावातल्या सर्वांत स्वस्त मोबाईलवर, मोबाईलच्याच डेटावर वाजवून पाहावे. तिथे वाजले, तरच ते तयार झाले म्हणावे.

आता माझ्या पानावर 'ऐका' असे मोठे बटण आहे. प्रत्येक ऑडिओ दीड मिनिटाचा, एक एमबीपेक्षा लहान आहे. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी खाली तेच मजकुरातही आहे. आणि रुग्ण उठण्याआधी मी त्यांच्याच मोबाईलवर तो वाजवून घेतो, मग विचारतो, "काय सांगितलं, मला सांगा बरं."

तुम्ही काय करावे?

• आवाज आला नाही तर आधी बटण दाबा. मग वाजत असतानाच आवाज वाढवा. रिंगचा आणि ऑडिओचा आवाज वेगवेगळा असतो. आयफोन असेल तर सायलेंट तर नाही ना, पाहा.

• तरीही वाजला नाही तर लाजू नका, दवाखान्यात सांगा. मोबाईल तुमचा, पण दोष आमचा असू शकतो.

• कोण बोलतो आहे हे न सांगणाऱ्या, पुढे ढकललेल्या ऑडिओवरून औषध सुरू किंवा बंद करू नका.

आणि मावशींपर्यंत न पोहोचलेला सल्ला इथेच देतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या आधीच मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. घाम, थरथर, भूक, गोंधळल्यासारखे वाटणे, ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात आणा. उपवास असला तरी साखर द्या. विठोबा रागावणार नाही.

हे घरातल्या, वाचता न येणाऱ्या माणसाला आज मोठ्याने वाचून दाखवा. तुमचा आवाज कुठल्याही मोबाईलशिवाय पोहोचतो.