मुद्दलाला हात लावू नये

बँकेत ठेव ठेवायला येणाऱ्या वृद्धांना मी नेहमी सांगत असे, व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. मॉरिशसच्या किनाऱ्यावर हेच वाक्य मला आठवले.

या चिमुकल्या देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, आणि २०१९ साली पाहुणे आले १३ लाखांहून अधिक! करोनात सीमा बंद झाल्या आणि २०२१ साली हा आकडा दोन लाखांच्याही खाली घसरला. म्हणजे व्याज थांबले. त्याच बंदीच्या काळात, २०२० साली 'वाकाशिओ' जहाज प्रवाळावर आदळले, तेल समुद्रात पसरले. गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध घातले. पाहुणे नव्हते, तरी माणसे धावली. कारण समुद्र हे त्यांचे मुद्दल होते.

याच उसासाठी १८३४ पासून आपली माणसे मजुरीच्या करारावर तिथे गेली, मुंबई बंदरातूनही गेली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या ती चढली. आमच्या सहलीत खरेदीला अर्धा दिवस होता, घाटाला एक तासही नव्हता. मी आणि सौ. टॅक्सी करून गेलो.

२०२३ साली पाहुणे पुन्हा बारा लाखांपलीकडे गेले. आनंद आहे. पण नुसती डोकी मोजणे म्हणजे उलाढालीलाच नफा समजणे. प्रवाळ आणि पायऱ्या शाबूत राहिल्या, तरच ताळेबंद जुळेल. हा हिशेब यजमानांइतकाच आपल्या, पाहुण्यांच्याही खात्यावर आहे.