संमती ज्याच्या देहाची, त्याचीच

पाटणच्या खोऱ्यात कुणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले, म्हणजे उपचारांच्या तजविजीआधी लपवाछपवीची तजवीज सुरू होते. मुंबईत माथाडी कामात हयात घालवलेला एखादा भाऊ पुढाकार घेतो, रुग्णाला ‘टाटाला’ नेले जाते, दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागेसाठी खटपट होते, आणि या साऱ्या धावपळीत, ज्याच्या देहावर हे संकट ओढवले आहे त्या माणसाला मात्र ‘साधी गाठ आहे, औषधाने विरेल’ एवढेच सांगितलेले असते. या मौनामागे माया असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु नव्या उपचाराच्या चाचणीत, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत ‘ट्रायल’मध्ये, सामील होणार का, असे डॉक्टर जेव्हा विचारतात, तेव्हा हीच माया अन्यायाचे रूप धारण करते. ज्याला आपल्या आजाराचे नावच ठाऊक नाही, त्याची संमती ही संमती नव्हेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रायल म्हटले की ‘आमच्यावर प्रयोग करणार’ ही धास्ती प्रथम उद्भवते, आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. केरळातील एका कर्करोग केंद्रात तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर, त्यांना पुरती कल्पना न देता, अप्रमाणित रसायन वापरल्याचा प्रकार २००१ साली उजेडात आला होता. तथापि त्याच रोगाविषयी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जे कार्य झाले, तेही तंबाखू आणि मिश्री घरोघर रुजलेल्या आपल्या मुलखाने ध्यानी घेतले पाहिजे. रोग आरंभीच्या अवस्थेत असून मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढाव्यात, की तेथे रोग दिसेपर्यंत थांबावे, याविषयी जाणत्या शल्यविशारदांत प्रामाणिक मतभेद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे, संमती दिलेल्या रुग्णांचे केवळ यदृच्छेने दोन गट पाडून, हा प्रश्न धसास लावला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांनुसार, ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, तर थांबलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते. आज तशा अवस्थेतील रुग्णाला मानेच्या शस्त्रक्रियेचा सल्ला ज्या आधाराने मिळतो, तो आधार दोन्ही गटांतील त्या अनामिकांनी निर्माण केलेला आहे.

हे ऋण मान्य करूनही, ट्रायलमध्ये जाणे हे रुग्णाचे कर्तव्य आहे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या टप्प्यातील चाचणीत औषधाची कोणती मात्रा शरीराला सोसते, हेच प्रामुख्याने पाहावयाचे असते, आणि रोग बरा होण्याचे आश्वासन तेथे कुणीही देऊ शकत नाही. तुलनेच्या टप्प्यात कोणता गट वाट्याला येणार हे पुष्कळदा रुग्णाच्याही हाती नसते आणि डॉक्टरांच्याही. शिवाय वाढीव तपासण्यांसाठी घाट उतरून मुंबईच्या जादा खेपा कराव्या लागल्या, तर भातलावणीच्या दिवसांत घरचे आणखी एक माणूस बांधावरून उठते. हा हिशेब क्षुद्र नव्हे. उरलेले दिवस आपल्या माणसांत काढावेत असे ज्याला वाटते, त्याचा नकार होकाराइतकाच सन्मान्य आहे.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली जे नियम अमलात आले, त्यांनी रुग्णाला पुष्कळ संरक्षण दिले आहे. त्याला समजेल अशा भाषेत लेखी माहिती, संमतिपत्राची प्रत, निरक्षर असल्यास त्रयस्थ साक्षीदार, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, हे सारे त्याचे हक्क आहेत. परंतु गुंठाभर जमिनीचे खरेदीखत करताना सातबारा आणि फेरफार दहादा पडताळणारे आपण, संमतिपत्राच्या पानांवर मात्र ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा’ असे म्हणून सही करून मोकळे होतो. वस्तुतः सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत: ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? मी नकार दिला, तर मला कोणता उपचार मिळेल? कोणता खर्च कोण करील? यातील रक्ततपासणी कराडला होऊ शकेल काय? रात्री-अपरात्री त्रास झाला, तर कोणाला फोन करावयाचा?

या प्रश्नांची उत्तरे बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत उभ्या उभ्या मिळणार नाहीत. सबब डॉक्टरांनी, रोगाच्या गतीला परवडेल तेवढी सवड देऊन, ती माहितीची पाने घरी नेऊ द्यावीत. गावाजवळ होऊ शकणाऱ्या तपासण्या जवळच करण्याची सोय संस्थांनी करावी. आणि घरच्यांनी ती पाने रुग्णाला बाहेर बसवून नव्हे, तर त्याच्यासमोर, रोगाचे नाव न गाळता, वाचावीत. सत्य ऐकून माणूस खचेल ही भीती मी समजू शकतो. पण ज्या पिढीने दुष्काळ, भूकंप आणि विस्थापन सोसले, तिच्या धीराला इतके कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सल्ला साऱ्यांनी द्यावा, आधार साऱ्यांनी द्यावा, निर्णय मात्र त्याचा असावा. कारण औषध त्याच्या शिरेत जाणार आहे, आणि भावाची सही, ती कितीही मायेने केलेली असो, तेथे त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.