दिवा शहराला, धूर खेड्याला!

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. तेथील वीज ठाणे जिल्ह्यातील पडघ्याकडे नेणारी ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ साली कार्यान्वित झाली. शहरे उजळली, राख चंद्रपूरच्या वाट्याला आली. त्याच जिल्ह्यात आजही सरपणासाठी जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात बळी पडतात.

नागरीकरण वाढले की खेड्यातील चूल आपोआप विझेल, हा नियोजनकारांचा लाडका सिद्धान्त. प्रत्यक्षात शहरी राहणीसोबत खेड्यात पंखा येतो, दूरचित्रवाणी येते, भ्रमणध्वनी येतो. चूल मात्र हटत नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले. गोठा ओस पडला, तशी गोबरगॅसची टाकीही थंडावली. फुकटचे शेण गेले आणि विकतचे इंधन परवडेना!

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. हे कार्य निःसंशय मोठे. परंतु २०१९-२० मध्ये लाभार्थी कुटुंबाने सरासरी जेमतेम ३ सिलिंडर घेतले. तेवढ्यावर वर्षभराचा स्वयंपाक कोणत्या घरात होतो? उरलेले महिने धूर गृहिणीच्या छातीतच साठतो.

तेव्हा हिशेब जोडण्यांचा पुरे. भरून घेतलेल्या सिलिंडरांचा मांडा. पाच किलोचा सिलिंडर गावातच मिळू द्या, बंद पडलेली गोबरगॅस संयंत्रे दुरुस्त करा. ज्या भूमीने महानगरांचे दिवे पेटवले, तिच्या स्वयंपाकघरातील काजळी पुसण्याचे ऋण महानगरांना फेडावेच लागेल!